उद्योगांत विद्यार्थ्यांसाठी प्रशिक्षणाच्या जागा : नागपुरातील प्रशिक्षण समन्वयकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

दरवर्षी सत्राच्या मध्यावर नागपुरातील आयटीआय, तंत्रनिकेतने आणि महाविद्यालये यांच्याकडून कारखान्यांना एकाच साच्याची पत्रे जातात : ‘आमच्या खालील चाळीस विद्यार्थ्यांना आपल्या आस्थापनेत प्रशिक्षणाची संधी द्यावी, ही नम्र विनंती.’ पत्र एचआर विभागाच्या फाइलला लागते, दोन-तीन आठवडे उत्तर येत नाही, मग फोनाफोनी सुरू होते आणि शेवटी ओळखीपाळखीने जिथे दार उघडेल तिथे मुले कोंबली जातात. या लेखात क्रम उलटा मांडला आहे. विद्यार्थ्याला शिकवणारा माणूस कोण आणि त्याच्या हाताखाली नेमके कोणते काम मिळणार, या दोन गोष्टी आधी नक्की करायच्या. पत्र, करार आणि शिक्के त्यानंतर. ज्या जागेवरच्या पर्यवेक्षकाचे नाव सांगता येत नाही, ती जागा मिळाली असे धरूच नये, मग गेटवरची पाटी कितीही मोठी असो.

आधी प्रकार ठरवावा

‘इंटर्नशिप’ या एका शब्दाखाली आज तीन वेगवेगळ्या व्यवस्था वावरतात आणि त्यांची सरमिसळ झाली की पुढे पैशांवरून व प्रमाणपत्रावरून वाद होतात.

पहिली व्यवस्था अभ्यासक्रमातील प्रशिक्षणाची, म्हणजे ओजेटीची (ऑन-द-जॉब ट्रेनिंग, प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण). आयटीआयच्या अभ्यासक्रमात दरवर्षी १५० तासांचे ओजेटी किंवा त्याऐवजी गटप्रकल्प अनिवार्य आहे. नवीन शैक्षणिक धोरणानुसार चालणाऱ्या पदवी अभ्यासक्रमांत ओजेटीला ४ श्रेयांक (क्रेडिट) आहेत आणि एका श्रेयांकाला ३० तास, या हिशेबाने ते १२० तासांचे होते. येथे विद्यार्थी हा विद्यार्थीच असतो, तो संस्थेच्या पटावर असतो आणि त्याला विद्यावेतन देणे हा मालकाच्या इच्छेचा भाग असतो.

दुसरी व्यवस्था शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ खालील अ‍ॅप्रेंटिसशिपची. यात मालक आणि उमेदवार यांच्यात करार होतो, तो केंद्राच्या शिकाऊ उमेदवारी पोर्टलवर नोंदवावा लागतो आणि किमान विद्यावेतन बंधनकारक असते. २०१९ च्या नियमबदलाने शिक्षणानुसार दरमहा ५,००० ते ९,००० रुपये असे किमान दर ठरवले गेले. करार करताना त्या दिवशीचा लागू दर पोर्टलवर पाहूनच आकडा लिहावा. केंद्राच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून विद्यावेतनाचा २५ टक्के, पण दरमहा १,५०० रुपयांपेक्षा जास्त नाही, इतका वाटा शासन उचलते. पदविका व पदवीधारकांसाठी वेगळी राष्ट्रीय योजना आहे आणि तिचे पोर्टलही वेगळे आहे. चुकीच्या पोर्टलवर नोंदणी झाली की ती निस्तरण्यात महिना जातो.

तिसरी, २०२४ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. तिच्यात बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये दरमहा, असे शासनाचे विद्यावेतन ठरवलेले आहे. वयोमर्यादा १८ ते ३५ आहे. ज्यांचे शिक्षण सुरू आहे त्यांच्यासाठी ही योजना नाही. तरीही अंतिम वर्षातील मुले तिची चौकशी घेऊन येतात, तेव्हा त्यांना निकालानंतर या, असे स्पष्ट सांगून टाकावे.

अंतर, पाळी आणि हंगाम

नागपुरातला उद्योग शहराच्या चारी कडांना पसरलेला आहे. हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर या औद्योगिक वसाहती, खापरीच्या पलीकडचे मिहान, उत्तरेला कोराडी-खापरखेडा आणि कामठीकडचा पट्टा यांपैकी कोणतेही दोन भाग एकमेकांना सोयीचे नाहीत. मेट्रोच्या एका मार्गाचे टोक लोकमान्य नगरला, म्हणजे हिंगणा रस्त्यावर आहे आणि दुसऱ्याचे खापरीला. त्यामुळे हिंगणा आणि मिहान काही अंशी आवाक्यात आले, पण खापरीहून बुटीबोरी अजून बरीच दूर राहते. कामठीला राहणाऱ्या मुलाला बुटीबोरीची सकाळी सातची पाळी देणे म्हणजे त्याला पहाटे पाचच्या आत घराबाहेर काढणे. पहिले चार दिवस तो उत्साहाने जातो, पाचव्या दिवशी उशीर होतो, गेटवर अडवले जाते आणि संस्थेला निरोप येतो की मुलगा बेजबाबदार आहे. कंपनीची बस कोणत्या थांब्यावरून सुटते, तिच्यात प्रशिक्षणार्थीला बसू देतात का आणि दुसरी पाळी संपल्यावर मुलींच्या परतीची सोय काय, हे तीन प्रश्न जागा नक्की करण्याआधीच विचारलेले असावेत.

हंगामाचाही विचार करावा लागतो. फॅब्रिकेशन, फाउंड्री किंवा उघड्यावरच्या विद्युत कामासाठी मे महिना निवडू नये; ४५ अंशांच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली नवख्या मुलाला आठ तास उभे करणे हे प्रशिक्षण नव्हे. वाणिज्य शाखेच्या मुलांसाठी मात्र हंगाम हाच खरा शिक्षक असतो. सनदी लेखापालांच्या कार्यालयात जुलैमध्ये विवरणपत्रांची आणि सप्टेंबरमध्ये कर लेखापरीक्षणाची गर्दी असते; त्या दिवसांत गेलेला विद्यार्थी सहा आठवड्यांत जे पाहतो ते डिसेंबरात तीन महिने बसूनही दिसत नाही. अट एवढीच की बोलणी मे महिन्यात झालेली असावीत, कारण जुलैत फोन उचलायलाही कोणी मोकळे नसते. पोळा आणि मारबतीच्या दिवशी हजेरी हमखास कोसळते. त्या सुट्यांचे आधीच ठरवून घेतले तर कुरबुर टळते.

कोणाकडे जावे

ज्या आस्थापनेत ३० किंवा अधिक मनुष्यबळ आहे, कंत्राटी कामगार धरून, तिला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे कायद्याने बंधनकारक आहे. ४ ते २९ मनुष्यबळाच्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे. म्हणजे १२० माणसांच्या कारखान्यात किमान ३ आणि जास्तीत जास्त १८ उमेदवार बसतात. हा हिशेब भेटीला जाण्यापूर्वी कागदावर करून न्यावा. तो धाकासाठी वापरायचा नाही. कायद्याचा बडगा दाखवून मिळवलेल्या जागेवर मूल फक्त हजेरीपुरते उभे राहते. पण ‘आपल्याला तीन उमेदवार घ्यावेच लागतात, ते कोणत्या विभागात घेतले तर आपल्याला उपयोगी पडतील?’ असा प्रश्न विचारला की व्यवस्थापकाचे लक्ष लागते, कारण तो प्रश्न त्याच्या अडचणीतून निघालेला असतो.

वेस्टर्न कोलफिल्ड्स, मॉइल, महानिर्मितीची वीज केंद्रे, रेल्वे अशा ठिकाणी शिकाऊ उमेदवारांची भरती जाहिरातीने आणि गुणवत्ता यादीने होते. तिथे विनंतीपत्राने काही हलत नाही. या बाबतीत समन्वयकाचे काम म्हणजे जाहिरातीवर लक्ष ठेवणे, अर्ज वेळेत भरून घेणे आणि नाव, जन्मतारीख, आधार व गुणपत्रिका यांतल्या स्पेलिंगचा मेळ आधीच बसवणे. खासगी क्षेत्रासाठी विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन, हिंगण्याची एमआयडीसी इंडस्ट्रीज असोसिएशन आणि बुटीबोरी मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन या संघटना उपयोगी पडतात. त्यांच्या सभेत दहा मिनिटे बोलायला मिळाली तर पन्नास पत्रांचे काम होते.

माझे मत विचाराल तर पहिल्या प्रशिक्षणासाठी मोठ्या कंपनीपेक्षा वीस-पंचवीस माणसांचे, इतर कंपन्यांसाठी जॉबवर्क (सुटी कामे) करणारे युनिट अधिक चांगले. मोठ्या कारखान्यात सुरक्षेची शिस्त आणि नोंदी पाहायला मिळतात हे खरे, परंतु यंत्राला हात लावू देत नाहीत. लहान युनिटमध्ये मालक स्वतः ड्रॉइंग समजावतो आणि आठवड्याभरात मुलाच्या हातात व्हर्नियर (मोजमापाचे साधन) येतो. उणीव असते ती कागदपत्रांची आणि सुरक्षेची, आणि ती भरून काढणे संस्थेच्या हाती आहे. पदवीच्या मुलांसाठी इतवारीतील घाऊक पेढ्या, कळमन्यातील अडत्यांची कार्यालये आणि गांधीबागेतील कापडाचे व्यापारी यांच्याकडेही पाहावे. मालसाठा, उधारी, जीएसटी आणि वसुली या चारही गोष्टी एकाच टेबलावर चालताना दिसतील अशी दुसरी जागा नाही.

एका पळवाटेबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. काकांच्या दुकानाचा शिक्का मारून आणलेले १२० तासांचे प्रमाणपत्र आणि पैसे भरून ऑनलाइन मिळवलेले ‘इंटर्नशिप सर्टिफिकेट’ हे दोन्ही प्रकार पदवी महाविद्यालयांत रुळले आहेत, कारण तपासणारे कोणी नसते. नातेवाइकाची जागा नाकारायचे कारण नाही. मात्र तिला इतर जागांसारखीच भेट, पर्यवेक्षक आणि कामांची यादी लागू करावी. प्रशिक्षणासाठी विद्यार्थ्याकडून पैसे घेणारी जागा मात्र सरळ यादीतून काढावी.

पहिली भेट

वेळ आधी फोनवर ठरवावी आणि महिन्याचे शेवटचे चार दिवस टाळावेत, कारण तेव्हा डिस्पॅचची घाई असते. सोबत एकच पान न्यावे : कोणत्या ट्रेडचे किती विद्यार्थी, त्यांना आतापर्यंत काय येते, किती तास हवेत, कोणत्या तारखांना. ‘काय येते’ हा भाग प्रामाणिक असावा. ‘लेथवर फेसिंग, प्लेन टर्निंग व स्टेप टर्निंग केले आहे, थ्रेडिंग फक्त पाहिले आहे, सीएनसी शिकवलेले नाही’ अशी ओळ वाचून मालकाला जेवढा विश्वास वाटतो, तेवढा संस्थेच्या रंगीत माहितीपुस्तिकेने वाटत नाही.

हिंगण्यातील लहान युनिटच्या मालकाची पहिली प्रतिक्रिया बहुधा नकाराची असते. ‘सर, पोट्टे येतात, आठ दिवस मोबाइल पाहतात अन् गायब होतात. माझा ऑपरेटर त्यांना शिकवन का माल काढन?’ या बोलण्यात त्याच्या खऱ्या अडचणी असतात, म्हणून समजूत घालण्याची घाई न करता त्या वेगवेगळ्या करून घ्याव्यात. मोबाइलला उत्तर आहे : पाळी सुरू होताना तो गेटवर जमा. गायब होण्याला उत्तर आहे : हजेरी दररोज संस्थेला कळणार आणि दोन दिवसांत समन्वयकाचा फोन येणार. ऑपरेटरच्या वेळेचा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्याला शब्दांनी उत्तर देता येत नाही. तिथे विचारावे की कारखान्यात असे कोणते काम आहे जे करायलाच हवे पण माणूस नसल्याने मागे पडते? टूल रूममधल्या इन्सर्टची मोजदाद, तयार भागांची मोजमाप नोंद, जुन्या ड्रॉइंगची सूची, यंत्रांच्या ऑइलिंगचा तक्ता यांपैकी काहीतरी निघतेच. दिवसाचे पहिले दोन तास मुलाने हे काम करावे आणि पुढचे चार तास ऑपरेटरच्या शेजारी उभे राहावे, असा व्यवहार मालकालाही पटतो आणि मुलालाही कारखान्याची ओळख त्या पहिल्या दोन तासांतच होते.

त्यानंतर शॉप फ्लोअर पाहायची परवानगी मागावी. यंत्रांचे गार्ड जागेवर आहेत का, वेल्डरच्या डोळ्यांवर काच आहे का, मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह आहे का आणि ते कुलूपबंद तर नाही ना, पिण्याचे पाणी कुठे आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. शेवटी ज्याच्या हाताखाली विद्यार्थी राहणार त्या माणसाशी पाच मिनिटे बोलावे, आणि तेही मालकाच्या केबिनमध्ये नव्हे, त्याच्या यंत्रापाशी. त्याला विद्यार्थी येणार हे त्या क्षणी प्रथमच कळत असेल आणि तोंडावर नाराजी दिसत असेल, तर ती जागा त्या वर्षापुरती बाजूला ठेवलेली बरी.

कामांची यादी

आयटीआयच्या १५० तासांचे उदाहरण घेऊ. रोज सहा तास धरले तर ते २५ दिवसांचे, म्हणजे आठवड्याला सहा दिवस धरून चार आठवड्यांपेक्षा थोडे अधिक होते. फिटर ट्रेडच्या विद्यार्थ्यासाठी पहिल्या आठवड्यात सुरक्षा नियम, स्टोअरची ओळख आणि मोजमापाची साधने. दुसऱ्यात ऑपरेटरसोबत मार्किंग, ड्रिलिंग व टॅपिंग. तिसऱ्यात यंत्रांची नियमित देखभाल, बेअरिंग व बेल्ट बदलताना मदत. चौथ्यात एखादा जॉब ड्रॉइंगपासून तपासणीपर्यंत स्वतः पूर्ण करणे, आणि उरलेल्या दिवसांत अहवाल. एवढे अर्ध्या पानावर मराठीत लिहून पर्यवेक्षकाला दाखवावे आणि खोडायला लावावे. तो दोन ओळी खोडेल आणि एक नवी घालेल. ती नवी ओळच बहुधा सर्वांत उपयोगी असते. ज्या यादीवर कोणी काही खोडलेच नाही, ती कोणी वाचलेलीही नसते.

विद्यार्थी आणि जागा यांची जुळणी

गुणानुक्रमे वाटप सोपे असते, पण ते बरेचदा चुकते. राहण्याचे ठिकाण, वाहन, वय, घरची परिस्थिती आणि आवड यांची एक छोटी माहिती प्रत्येकाकडून लिहून घ्यावी. धोकादायक उद्योगांसाठी किमान वय १८ आहे आणि या भागात स्फोटके बनवणारे कारखाने असल्यामुळे हा मुद्दा केवळ कागदावरचा राहत नाही. जन्मतारीख शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून तपासावी. लहान युनिटमध्ये दोघांपेक्षा जास्त पाठवू नयेत. पाच जण गेले की ते आपापसांत बोलतात, दोघे गेले की ऑपरेटरशी बोलतात. मालकाने मुलांना दहा मिनिटे भेटून स्वतः निवड करावी असाही आग्रह धरावा, कारण आपण निवडलेल्या मुलाची जबाबदारी माणूस वेगळ्या तऱ्हेने घेतो.

कागदपत्रे

ओजेटीसाठी संस्था आणि आस्थापना यांच्यात दोन पानांचा सामंजस्य करार पुरतो. त्यात तारखा, रोजचे तास, साप्ताहिक सुटी, पर्यवेक्षकाचे नाव, कामांची यादी, रात्रपाळी नाही हे कलम, सुरक्षा साधने कोण देणार, अपघात झाल्यास प्रथम कोणाला कळवायचे आणि विद्यावेतन असल्यास किती व कोणत्या तारखेला, एवढे असले पाहिजे. सेफ्टी शूज हा लहानसा वाटणारा मुद्दा हमखास अडतो. मालक म्हणतो संस्थेने द्यावेत, संस्था म्हणते मालकाने. तो लेखी मिटवावा.

अपघाताच्या बाबतीत दोन प्रकारांत मोठा फरक आहे. १९६१ च्या अधिनियमाखालील शिकाऊ उमेदवाराला कामावर इजा झाल्यास कायद्याने नुकसानभरपाईचे संरक्षण मिळते. ओजेटीच्या विद्यार्थ्याला ते आपोआप मिळेल असे गृहीत धरू नये, म्हणून संस्थेने प्रशिक्षण सुरू होण्यापूर्वी सर्वांचा समूह अपघात विमा उतरवावा आणि पॉलिसीत प्रशिक्षणाचे ठिकाण समाविष्ट आहे ना, हे विमा प्रतिनिधीकडून लेखी घ्यावे.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यात प्रशिक्षणार्थी व शिकाऊ उमेदवार यांचाही समावेश आहे आणि १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. समितीच्या अध्यक्षांचे नाव व क्रमांक करारासोबत मागून घ्यावा आणि मुलींना पाठवण्यापूर्वी द्यावा.

अ‍ॅप्रेंटिसशिपमध्ये उमेदवार रुजू होण्याआधी करार पोर्टलवर तयार झालेला हवा. आधारशी जोडलेले बँक खाते, शैक्षणिक प्रमाणपत्रे आणि छायाचित्र ही तयारी संस्थेतच करून घ्यावी. शासनाचा वाटा थेट उमेदवाराच्या खात्यात येत असल्याने खाते बंद पडलेले असेल तर पैसे अडकतात. मागील महिन्याचे विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत मिळाले पाहिजे, हे उमेदवाराला माहीत असावे. नोंदणीत अडचण आली तर जिल्ह्याच्या बीटीआरआय (मूलभूत प्रशिक्षण तथा अनुषंगिक सूचना) केंद्रात सहायक शिकाऊ उमेदवारी सल्लागारांना भेटावे. प्रत्यक्ष भेटीत जे अर्ध्या तासात सुटते ते ई-मेलवर रेंगाळते.

पहिला आठवडा आणि त्यानंतर

पहिल्या दिवशी समन्वयकाने गेटवर हजर असावे. गेटपासच्या यादीत नाव नसणे, पर्यवेक्षक रजेवर असणे, सुरक्षारक्षकाने परत पाठवणे या गोष्टी पहिल्याच सकाळी घडतात. तिसऱ्या दिवशी पर्यवेक्षकाला फोन करावा आणि विद्यार्थ्याला वेगळा करावा. दोघांच्या सांगण्यात तफावत असेल तर लगेच जावे. आठवडाभर थांबले की तफावतीचे भांडण होते.

विद्यार्थ्यांना एकच नियम पाठ करायला लावावा : यायला जमणार नसेल तर पाळी सुरू होण्याआधी पर्यवेक्षकाला कळवायचे, मित्राकरवी नाही.

लॉगबुक रोज लिहिले जाते, पण काय लिहावे हे कोणी शिकवत नाही. ‘आज लेथवर काम केले’ ही नोंद काहीच सांगत नाही. ‘एमएसच्या (माइल्ड स्टीलच्या) २५ मिमी बारमधून १२ पिना काढल्या, पहिल्या दोन पिनांचा व्यास ०.१ मिमीने कमी आला, कारण टूलचे सेंटर तपासले नव्हते. ऑपरेटरने दाखवल्यावर बाकीच्या मापात आल्या’ ही नोंद वाचून मुलाने काय केले आणि त्याला कोणी शिकवले, दोन्ही कळते. पहिल्या दिवशी वर्गात अशी एक नोंद फळ्यावर लिहून दाखवावी आणि भेटीच्या वेळी लॉगबुकमधील मागच्या तीन नोंदींवर तोंडी प्रश्न विचारावेत. पर्यवेक्षकाची सही आठवड्याला एकदाच घ्यावी. रोज मागितली की महिन्याच्या सह्या शेवटच्या दिवशी एकदम होतात.

झाडू मारणे आणि माल चढवणे-उतरवणे एवढेच काम मिळते, अशी तक्रार येते. थोडी साफसफाई प्रत्येक कारखान्यात प्रत्येकाने करायची असते, त्यात कमीपणा नाही आणि हे मुलांना आधी सांगावे. परंतु लॉगबुकमध्ये सलग तीन दिवस दुसरे काहीच दिसत नसेल, तर कामांची यादी हातात घेऊन आधी पर्यवेक्षकाशी आणि मग मालकाशी बोलावे. पुढच्या दोन दिवसांत बदल झाला नाही तर विद्यार्थ्याला शांतपणे काढून घ्यावे. त्यासाठी सुरुवातीलाच दोन-तीन जागा राखीव ठेवलेल्या असाव्यात. विद्यार्थ्याच्या चुकीने जागा बिघडली असेल तर समन्वयकाने स्वतः जाऊन दिलगिरी व्यक्त करावी.

पुढच्या वर्षाची जागा

शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र मिळते, पण त्या दिवशी पर्यवेक्षकाला तीन प्रश्न विचारायचे राहून जातात : मुलाला काय येत नव्हते जे यायला हवे होते, कोणत्या आठवड्यात त्याचा तुम्हाला उपयोग झाला, आणि पुढच्या वेळी कोणता महिना सोयीचा? पहिल्या प्रश्नाची उत्तरे संबंधित शिल्पनिदेशकांकडे (आयटीआयमधील शिक्षकांकडे) किंवा विभागप्रमुखांकडे लेखी द्यावीत. चार युनिटांनी एकच उणीव सांगितली तर ती वर्गातच भरून काढता येते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याच दिवशी नोंदवहीत लिहावे. या वहीत प्रत्येक जागेसाठी युनिटचा पत्ता, यंत्रे, जवळचा बसथांबा, पर्यवेक्षकाचे नाव व क्रमांक, पाठवलेले विद्यार्थी आणि एक ओळ स्वतःचे मत, एवढे पुरते.

पुढच्या वर्षी फोन करताना आधी पर्यवेक्षक तिथेच आहे का, हे विचारावे. तो नोकरी सोडून गेला असेल तर ते युनिट नव्याने पाहायचे, पहिल्या भेटीपासून. आणि तो बुटीबोरीहून कळमेश्वरला गेला असेल, तर कळमेश्वरच्या त्या कारखान्याचा पत्ता घ्यावा.